कागद पालकांचे, पसंतीक्रम मुलांचा

गेल्या जुलैत एका तालुक्याच्या गावी, बस स्थानकासमोरच्या सेवा केंद्रात, अभियांत्रिकी प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरण्याचे काम चालले असताना मी शेजारच्या बाकावर बसलो होतो. संगणकापुढे केंद्रचालक, त्याच्या उजव्या हाताला खुर्चीत वडील, आणि जिच्या नावाचा तो फॉर्म होता ती मुलगी वडिलांच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. वडिलांच्या हातात वहीचे फाडलेले पान होते आणि त्यावर पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याने फोनवरून सांगितलेली महाविद्यालयांची नावे उतरवलेली होती. ते एकेक नाव वाचत होते, चालक ते शोधून टाकत होता. चाळीसेक पर्याय भरून झाल्यावर ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर आला, त्यांनीच तो वाचून दाखवला आणि फॉर्म कायम झाला. त्या पाऊण तासात मुलगी एकदाच बोलली. ‘अण्णा, कॉम्प्युटरच्या आधी इलेक्ट्रिकल टाकलं तर?’ चालकाने मान न वळवता ‘स्कोप कॉम्प्युटरलाच आहे’ म्हटले आणि वडिलांनी मान डोलावली. प्रिंट निघत असताना चालकाने व्हॅलिडिटीची, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राची, चौकशी केली, तेव्हा कळले की जातपडताळणीचा अर्ज बारावीची परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये केलेला होता आणि हातात फक्त पावती होती.

त्या वडिलांविषयी माझ्या मनात आदरच आहे. ऐन पेरणीच्या दिवसांत काम टाकून ते आले होते आणि मुलीला शिकवायचेच हे त्यांनी पक्के ठरवले होते. तरीही त्या पाऊण तासात कामाची वाटणी उलटी झाली होती, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. जे काम फक्त वडीलच करू शकत होते, म्हणजे कागदपत्रे वेळेत उभी करण्याचे, ते राहून गेले होते. आणि जे काम मुलीचे होते, म्हणजे पुढची चार वर्षे काय शिकायचे याचा क्रम लावण्याचे, ते त्यांनी, पुतण्याने आणि केंद्रचालकाने मिळून उरकले होते. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असल्याने बारावीच्या वर्षातली घरे मी दरवर्षी जवळून पाहतो, आणि ही उलटी वाटणी मला शिकलेल्या घरांत, बिनशिकलेल्या घरांत, शहरात, खेड्यात सगळीकडे दिसते. बारावीच्या वर्षात पालकांनी मुलांना मदत करावी की नाही, हा वाद मला व्यर्थ वाटतो. मदत केलीच पाहिजे. प्रश्न मदत कोणत्या कामात करायची आणि कोणत्या कामातून हात काढून घ्यायचा, हा आहे. माझे म्हणणे असे की कागद आणि पैसा ही दोन कामे पूर्णपणे पालकांची आहेत, आणि पसंतीक्रम पूर्णपणे मुलाचा आहे.

ही वाटणी बिघडली याला कारणे आहेत. पूर्वी बारावीचे गुण हाती आले की अर्ध्या वाटा आपोआप बंद व्हायच्या आणि उरलेल्या अर्ध्यांतून निवड व्हायची. आज एकाच मुलापुढे जानेवारी आणि एप्रिलमधली जेईई मेन, फेब्रुवारीत सुरू होणारी बोर्डाची परीक्षा, राज्याची सीईटी आणि मे महिन्यातली नीट अशी रांग असते. बोर्डाच्या गुणांचे स्थान पात्रतेपुरते उरले आहे. अभियांत्रिकीला खुल्या प्रवर्गासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के लागतात, आणि गुणवत्ता यादी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर. त्यामुळे मुलगा अकरावीत गेला की घर क्लासच्या वेळापत्रकावर चालू लागते, आणि वर्षाला लाखाच्या पुढे फी भरणाऱ्या बापाला आपण या साऱ्या उद्योगाचे व्यवस्थापक आहोत असे वाटू लागते. अर्ज तोच भरतो, पासवर्ड त्याच्या डायरीत असतो, मोबाइल क्रमांक त्याचा असतो. हे सगळे प्रेमापोटी होते हे मला ठाऊक आहे. पण दोन वर्षे असे चालल्यावर सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या प्रवेशाची माहिती तिऱ्हाइतासारखी मिळू लागते.

माझ्या मोठ्या मुलीचा फॉर्म मीच भरला होता. तिला विचारून भरला, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी यादी करून तिला वाचून दाखवली होती आणि परीक्षांनी थकलेल्या मुलीने ‘चालेल’ म्हटले होते. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणासाठी जुने कागद काढताना तो छापील फॉर्म तिच्या हाती आला. ती जमिनीवर फाइल पसरून बसली होती. यादीवरून बोट फिरवत ती चौथ्या ओळीवर थांबली आणि तिने विचारले, ‘बाबा, हे मिळत होतं?’ मिळत होते. तिने तक्रार केली नाही, पदवीही चांगल्या गुणांनी घेतली. पण तो प्रश्न मी विसरू शकलेलो नाही, आणि हा लेख लिहिण्यामागे तोही आहे.

आता कागदांकडे येतो, कारण पालकांचे खरे काम तिथे आहे आणि ते सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही. जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो. हा पुरावा म्हणजे बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, किंवा गावच्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. तो मिळवणे सतरा वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातले काम नाही. आजोबा कोणत्या गावच्या शाळेत किती इयत्तांपर्यंत शिकले, ते गाव आता कोणत्या तालुक्यात गेले, शाळेच्या दप्तरात आडनाव कसे लिहिले आहे, आणि वडिलांच्या किंवा काकांच्या नावाची व्हॅलिडिटी आधीच निघालेली आहे का, हे घरातल्या मोठ्या माणसांनाच ठाऊक असते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी हे काम मुलगा अकरावीत असतानाच हाती घेतले होते. ते गवंडीकाम करतात आणि स्वतः सातवी शिकलेले आहेत. गावच्या प्राथमिक शाळेत त्यांनी तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेलेले, दुसऱ्या खेपेला कपाटाची किल्ली सापडेना. तिसऱ्या खेपेला कापडात बांधलेले रजिस्टर निघाले, आणि कडेला वाळवी लागलेल्या पानावर त्यांच्या वडिलांचे नाव मिळाले. पण आडनावाच्या जागी धंद्याचे नाव लिहिलेले होते. ते एकाच व्यक्तीचे नाव आहे हे दाखवण्यासाठी प्रतिज्ञापत्र, वंशावळ, चुलत्यांचे कागद अशी जुळवाजुळव करायला त्यांना दोन महिने लागले. बारावीची परीक्षा सुरू होण्याआधी प्रमाणपत्र घरात होते. ज्या मुलाच्या वडिलांना ऑप्शन फॉर्ममधले इंग्रजी वाचता येत नव्हते, त्या मुलाला माझ्या मते त्या वर्षीच्या साऱ्या वर्गात सर्वांत चांगली पालकांची मदत मिळाली.

बाकीचे कागद त्यामानाने सोपे आहेत; फक्त त्यांची मुदत सांभाळावी लागते. नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते, आणि मागच्या वर्षीचे संपलेले प्रमाणपत्र घेऊन येणारे पालक प्रत्येक जुलैत भेटतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, दहावीच्या गुणपत्रिकेवरचे आणि आधारवरचे नाव एकसारखे असणे, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळासाठी मुलाच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले असणे या गोष्टी दिवाळीच्या सुट्टीत बसून पूर्ण होऊ शकतात. जून उजाडला की तहसील कार्यालयात सगळा जिल्हा लोटतो आणि सर्व्हरही बसतो. शासन व्हॅलिडिटीसाठी वेळोवेळी मुदत वाढवून देते, पण त्या वाढीव मुदतीच्या भरवशावर बसलेल्या घरातले मूल पहिल्या सत्राचा अभ्यास कसे करते, हे एकदा जवळून पाहावे.

दुसरे काम पैशाचे. मराठी घरात बारावीच्या मुलाला हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे: ‘पैशाची काळजी तू करू नकोस, तू फक्त अभ्यास कर.’ हे वाक्य उदार मनाने उच्चारलेले असते, आणि तरीही बारावीच्या वर्षात मुलाचे सर्वांत जास्त नुकसान तेच करते, असे माझे मत झाले आहे. कारण ते शब्दशः खरे नसते. पैशाला मर्यादा असते, ती मुलाला सांगितलेली नसते एवढेच. मग निकालानंतर, यादीत नाव लागल्यानंतर, अचानक ‘एवढे झेपणार नाही’ असे ऐकू येते. किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच ऐकू येत नाही, विहिरीलगतचे दीड एकर विकले जाते आणि मुलाला ते पुढे कधीतरी कुणा नातेवाइकाकडून कळते. दोन्ही प्रसंगी मुलाच्या मनात येते की मला आधी सांगितले असते तर मी वेगळे काही निवडले असते.

म्हणून दिवाळीच्या सुमारास, परीक्षांचा ताण चढण्याआधी, आईवडिलांनी मुलाला समोर बसवून आकडा सांगावा. फी, वसतिगृह, खाणावळ, प्रवास सगळे धरून वर्षाला आम्ही इतके देऊ शकतो. त्यापुढे कर्ज काढावे लागेल. ते कर्ज असे फेडावे लागेल. धाकट्या भावंडाचे शिक्षण तीन वर्षांनी असे येणार आहे. सतरा वर्षांच्या मुलाला हे कळते. उलट, आकडा कळला की त्याचा शोध खरा होतो. राज्याच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, ही माहिती हातात असलेली मुलगी वेगळी यादी करते. त्या माफीत वसतिगृह आणि खाणावळ येत नाही, हेही तिला कळायला हवे. कारण अनेक घरांत खरा खर्च तिथेच असतो. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, शुल्क माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागा आहेत आणि त्यांचा पर्याय त्याच ऑप्शन फॉर्ममध्ये द्यावा लागतो. राज्याच्या सामायिक म्हणजे केंद्रीभूत फेरीतून न घेता संस्थास्तरावर घेतलेल्या जागेला शिष्यवृत्ती लागू होत नाही, हे ज्या वडिलांना सप्टेंबरमध्ये कळते त्यांचा चेहरा पाहवत नाही.

आता पसंतीक्रम. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यापासून राज्यातल्या जागा इतक्या वाढल्या की आज अभियांत्रिकीला कुठेतरी प्रवेश मिळणे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते शेकडो महाविद्यालयांतून आणि डझनभर शाखांतून आपल्याला मानवेल ते ओळखणे. वैद्यकीयचे याच्या उलट आहे, तिथे जागाच दुर्मीळ असल्याने निवडीला फारसा वाव नसतो, म्हणून मी तो विषय इथे बाजूला ठेवतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी आणि पदवीचे इतर व्यावसायिक अभ्यासक्रम यांत निवड हेच मुख्य काम आहे, आणि तेच घाईघाईत शेवटच्या दोन दिवसांत उरकले जाते.

त्यातही एक गैरसमज मला दरवर्षी भेटतो. वरच्या क्रमांकावर मोठे महाविद्यालय टाकले आणि ते मिळाले नाही तर खालचे हातचे जाते, असे अनेक पालक समजतात, आणि म्हणून ‘मिळण्यासारखे’ महाविद्यालय पहिल्या ओळीवर आणून ठेवतात. जागावाटप तसे होत नाही. गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे ज्याचा नंबर येतो, त्याच्या यादीत वरून खाली पाहिले जाते आणि जो पहिला पर्याय शिल्लक असेल तो दिला जातो. वरची दहा नावे न मिळाल्याने अकराव्या नावावरचा हक्क कमी होत नाही. उलट ‘मिळण्यासारखे’ वर लिहिण्यातच धोका आहे. २०२५ च्या फेऱ्यांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ होत असे, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी मिळाला तर, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाला तर. पुढच्या फेरीचा मार्ग त्याने बंद होतो. म्हणजे पहिली ओळ ही हिशेबाची ओळ नव्हे. जे मिळाले तर पुन्हा मागे वळून पाहणार नाही, तेच तिथे लिहायचे असते. आणि असे काय आहे, याचे उत्तर फक्त मुलाकडे असते.

ते उत्तर त्याला आयते सुचत नाही, हेही खरे. म्हणून पालकांनी त्याला दाखवायला न्यावे. बारावीच्या वर्षात एखाद्या शनिवारी, महाविद्यालय चालू असताना, जवळपासची दोन-तीन महाविद्यालये पाहून यावीत. वेगवेगळ्या प्रकारची पाहावीत, एक शासकीय, एक जुने, एक हमरस्त्यालगतचे नवे. प्रवेशद्वारावरच्या फलकावर एका मुलाच्या फोटोखाली सर्वोच्च पॅकेजचा आकडा असतो, तो वाचून पुढे जावे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांच्या पगाराचा मध्यक, म्हणजे अगदी मधला, आकडा जाहीर करतात. तो संकेतस्थळावर सापडतो आणि फलकावरच्या आकड्याशेजारी ठेवला की बरेच काही समजते. प्रयोगशाळेतली यंत्रे चालतात की आच्छादनाखाली झाकलेली आहेत, ग्रंथालयात दुपारी तीन वाजता कोण बसले आहे, वर्गातला शिक्षक फळ्याकडे पाहतो की मुलांकडे, हे पाहावे. कॅण्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांजवळ मुलाला एकट्याला बसू द्यावे आणि स्वतः वीस मिनिटे बाहेर चहा घ्यावा. वडील समोर असले की ती मुले ‘सर्व छान आहे’ म्हणतात. मुलगा एकटा असला की मेसच्या भाजीपासून सत्राच्या मध्यात नोकरी सोडून गेलेल्या प्राध्यापकांपर्यंत सगळे सांगतात.

मग मुलाने स्वतःच्या हाताने, रेघी वहीत, पहिली वीस नावे लिहावीत आणि प्रत्येक नावासमोर एका ओळीत कारण लिहावे. ती वही आईवडिलांनी वाचावी, शंका विचाराव्यात, न पटलेले स्पष्ट बोलावे. ‘मित्र जातोय’ हे कारण तीन ठिकाणी आले असेल तर ते त्याच्या नजरेस आणावे. एवढे झाल्यावर वही त्याला परत द्यावी. क्रम बदलायचा तर त्याने बदलावा. फॉर्म भरताना माउस त्याच्या हातात असावा आणि ओटीपी त्याच्या मोबाइलवर यावा.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. सतराव्या वर्षी काय कळते, हा पहिला. माझा अनुभव असा की अर्धे कळते, आणि उरलेले अर्धे निवडल्याशिवाय कळत नाही. आपल्याला चाळिसाव्या वर्षी मिळालेले शहाणपण त्याच्या फॉर्ममध्ये ओतले म्हणून ते त्याचे होत नाही. आणि कॉम्प्युटरलाच स्कोप आहे यासारखे आपले शहाणपण दहा वर्षांपूर्वीच्या नोकरीबाजारावर बेतलेले असते, हेही कबूल करायला हवे. वर्षभरात हाच मुलगा मतदार होणार आहे.

दुसरा आक्षेप असा की पैसे आम्ही भरतो, तर निर्णयही आमचा. पैसे भरणाऱ्याला मर्यादा घालण्याचा अधिकार आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. मुलीला फार लांब पाठवायचे नसेल, वसतिगृह परवडत नसेल, एखाद्या गावाविषयी खरी भीती असेल, तर ते सांगावे. फक्त ते आधी सांगावे. डिसेंबरमध्ये सांगितलेली मर्यादा ही माहिती असते आणि मूल तिच्या आत राहून निवडते. तीच मर्यादा जुलैमध्ये, यादी लागल्यावर सांगितली की ती नकार होते आणि मुलाला वाटते की त्याची निवड मोडली. मुलींच्या बाबतीत हे फार घडते. चांगल्या पर्सेंटाइलच्या मुलींना शेवटच्या क्षणी ‘घरापासून जवळचं बघू’ म्हणून परत फिरवताना मी पाहिले आहे, आणि त्याच घरात दोन वर्षांनी भावाला मात्र लांब पाठवले गेले. मर्यादा घालायची तर ती दोघांना सारखी असावी, एवढे तरी मुलीने मागितले तर तिचे चुकले असे मी म्हणणार नाही.

ज्या मुलांना परीक्षेत अपेक्षेप्रमाणे यश मिळत नाही, त्यांच्याविषयी इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. यामागे एकच कारण आहे असे कुणी म्हणू नये. पण ज्या घरात दोन वर्षे मुलाशी बोलण्याचा एकमेव विषय चाचणीचे गुण हा असतो, त्या घरात गुण घसरल्यावर मुलाने बोलायचे काय आणि कुणाशी, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. निकालाच्या आदल्या रात्री आई किंवा वडील मुलाजवळ बसून ‘उद्या काहीही आले तरी परवा आपण तुझी वही घेऊन पुन्हा बसू’ एवढे म्हणाले, तर त्याला कळते की उद्यानंतर परवा आहे. मूल गप्प होत गेले, जेवण-झोप बिघडली, तर डॉक्टरांकडे न्यावे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्याही मोबाइलमध्ये असावा.

हे सगळे पालकांवर ढकलून शासनाने आणि आम्ही शिक्षकांनी मोकळे व्हावे, असे मात्र मी सुचवत नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे त्यांत म्हटले. त्याआधी २०१८ मध्ये राज्याने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. तरीही नाव एका महाविद्यालयात आणि मूल दुसऱ्या शहरातल्या क्लासमध्ये, ही व्यवस्था आजही चालूच आहे. अशा मुलाला प्रवेशाच्या वेळी हाक मारायला कुणी शिक्षकच नसतो, कारण त्याचे महाविद्यालय त्याला ओळखत नाही. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांनाही सीईटी लागू झाली, तेव्हा कितीतरी घरांना ते वेळेत कळलेच नाही आणि अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. ही माहिती प्रत्येक बारावीच्या वर्गात फळ्यावर लिहिली जायला हवी होती. प्रवेशाचे नियम बहुतांशी इंग्रजीत असतात. ते सोप्या मराठीत, फेरी सुरू होण्याआधी महिनाभर, प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर लागले पाहिजेत. जातपडताळणीचे अर्ज अकरावीच्या पहिल्या सत्रात महाविद्यालयानेच गोळा करून समितीकडे पाठवावेत आणि त्यासाठी एका लिपिकाला वेळ नेमून द्यावा. फॉर्म कायम करताना ओटीपी विद्यार्थ्याच्या क्रमांकावर जावा आणि पालकाला केवळ सूचना जावी. हे बदल खर्चाचे नाहीत.

आमच्या महाविद्यालयात गेल्या वर्षी आम्ही एक छोटी गोष्ट करून पाहिली. ऑप्शन फॉर्मच्या शेवटच्या तारखेआधी आठ दिवस, संगणक प्रयोगशाळा सकाळी नऊ ते एक मुलांसाठी उघडी ठेवली. आत मुले आणि दोन शिक्षक. शिक्षकांनी विचारल्याखेरीज बोलायचे नाही असे ठरवले होते. पालकांसाठी बाहेरच्या व्हरांड्यात बाके टाकली होती आणि तिथे आमचे एक लिपिक कागद तपासत होते, कुणाचे नॉन-क्रिमीलेयर संपले आहे, कुणाच्या दाखल्यावर नाव चुकले आहे ते सांगत होते. पहिल्या दिवशी पालक खिडकीतून डोकावत होते. तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याची आई आली होती, साखर कारखान्याच्या वसाहतीत शिवणकाम करणाऱ्या. पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात कागद क्रमाने लावलेले होते आणि त्यांत काहीही कमी नव्हते. तासाभराने मुलगा वही हातात घेऊन बाहेर आला, आईजवळ वाकला आणि विचारले, ‘आई, वसतिगृहाला वर्षाला किती देता येतील?’ तिने क्षणभर बोटांवर हिशेब केला आणि आकडा सांगितला. त्याने तो वहीच्या कोपऱ्यात लिहिला, सातव्या ओळीवर काट मारली आणि आत गेला.